गरम बाजू: पस्तीस अंश

आधीच सांगते, काही खात असाल तर पटकन संपवा, कारण यात नखं आहेत. कापलेली नखं. कुणाची, कुठून आली, सगळं येईल, पण मला क्रमानं सांगू द्या, मध्ये कुणी बोलायचं नाही.

तर आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे काय, दोन खोल्या. एका खोलीत एसी, बावीसवर, बाराही महिने, स्वेटर घालून बसायचं. दुसऱ्या खोलीत वस्ताद बसतात, सोल्डरिंग, जोडणी, पॅकिंग सगळं तेच करतात, आणि तिथे फक्त एक पंखा, तोही मान वाकडी करून फिरणारा. आणि साहेब. साहेबांचं नाव आम्ही गारेगार ठेवलंय, कारण बाहेरचं कुणी आलं रे आलं की हा माणूस हात चोळत म्हणतो, "बघा, एकदम गारेगार!" रोज सकाळी टेस्टिंगच्या टेबलावर उकडलेली अंडी सोलतो. त्याच टेबलावर. सेन्सरच्या वायरींमध्ये टरफलं. आणि आमच्याकडे एक पांढरी पेस्ट असते, टूथपेस्टसारखी दिसते, दोन धातूंच्या मध्ये लावायची, म्हणजे उष्णता नीट पलीकडे जाते. एकदा त्या पेस्टच्या बोटांनीच त्यांनी अंड्यावर मीठ टाकलं आणि अख्खं अंडं तोंडात. वस्ताद अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बरं झालं साहेब, आता तुमच्यातून उष्णता चांगली वाहील." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आम्ही बनवतो डबा. इन्सुलिन गार ठेवायचा डबा, दोन कंपासपेट्या एकावर एक ठेवल्या तर जेवढं होईल, तेवढा. आत चार पेनं बसतात. बर्फ नको, फ्रीज नको, वायर सॉकेटला लावायची की झालं. आत एक चकती असते, चौकोनी, बिस्किटाएवढी. तिच्यातून वीज सोडली की एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. लोकांना जादू वाटते, पण नुसती हमाली आहे हो ती. आतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची. आणि हा हमाल आळशी, वर खादाड. आतली आठ वॅट उचलायला स्वतः वीस खातो, आणि ती खाल्लेली वीससुद्धा उष्णता होऊन बाहेरच्याच बाजूला पडतात. म्हणजे बाहेर झाली अठ्ठावीस. ती हवेत गेली पाहिजे, म्हणून बाहेरच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आणि एक चिमुकला फॅन. हवेत गेली नाही तर परत आत शिरते. विषय संपला. यावर मला परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते, हे लक्षात ठेवा, कारण मला आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

माझं काम मॉडेल करायचं. कॉम्प्युटरमध्ये डबा उभा करायचा, त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यातून कुठल्या तुकड्यात किती उष्णता जाते त्याचं गणित मांडायचं. मग चकतीच्या आत बारीक खांबांसारखे पाय असतात, ते लांब करून बघ, इन्सुलेशन जाड करून बघ, पेस्टचा थर पातळ करून बघ. आणि पहिल्या आठवड्यात मॉडेल चालेचना. आकडे नुसते उड्या मारायचे, एकदा तर डब्याच्या आत उणे चारशे अंश आले, म्हणजे विश्वातसुद्धा एवढी थंडी कुठे नाही. गारेगार मागे उभा राहून विचारतोय, "झालं का? झालं का?" अंड्याचा वास माझ्या मानेवर. मग मी तेच केलं जे आमच्यातले सगळे करतात. गरम बाजूला म्हटलं, बाई, तू हलूच नकोस, तू पस्तीस अंशावर गप्प बस. एक ओळ लिहिली. गरम बाजू, पस्तीस. पुढे शेरा टाकला, "तात्पुरतं, नंतर काढणे." मॉडेल एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. सुंदर निळे-हिरवे रंग, आत सहा अंश. मग सहा महिने मी त्यातच रमले, एकेका पायाची लांबी घासत बसले, आणि ती ओळ तिथेच राहिली.

पहिले दहा डबे तयार झाले आणि मी एक उचलून मामाला नेऊन दिला.

माझा मामा क्रेन चालवतो. उंच बांधकामावरची ती पिवळी क्रेन असते ना, तिच्या मानेला काचेची एक केबिन लटकलेली असते, त्यात. सकाळी शिडीनं वर चढायचं, संध्याकाळी उतरायचं, बावीस वर्षं हेच. घरात मामा म्हणजे अगदीच साधा माणूस, मामी त्याला बाजारात पाठवताना चिठ्ठी देते आणि तो चिठ्ठी विसरून येतो. पण वर बसला की खालचा मुकादम बोटानं दाखवेल त्या विटेवर तो दोन टनांचा गर्डर अलगद टेकवतो, मी बघितलंय. मामाला त्या केबिनशिवाय दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोय. साखर झाल्यापासून त्याची एकच कटकट होती, वर इन्सुलिन गरम होतं. काचेची खोली, दिवसभर ऊन. तर मी डबा दिला, आणि काय शेखी मिरवली म्हणता! "मामा, हे मी डिझाइन केलंय, मी!" मामानं डबा कानाला लावून फॅनचा आवाज ऐकला. म्हणाला, "शास्त्रज्ञ झालीस की गं तू, ठमे." एवढंच सांगितलं मी त्याला, उन्हापासून जप. फक्त एवढंच.

तीन आठवड्यांनी मामाला वर चक्कर आली. हवेत गर्डर लटकलेला. त्यानं तो कसाबसा खाली टेकवला, ब्रेक लावला आणि वायरलेसवर म्हणाला, "मला काही दिसत नाहीये." त्याला दोरानं बांधून, पाळण्यातून उतरवला. साखर पाचशेच्या वर. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ते पेन उजेडात धरलं, आत दह्यासारख्या गुठळ्या. म्हणजे तीन आठवडे मामा रोज टोचून घेत होता ते औषध नव्हतंच, पाणीच म्हणा ना.

मामीनं हॉस्पिटलच्या दारातच माझ्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. म्हणाली, "हा घे तुझा डबा. तुझ्या मामाला सांभाळायला मी आहे, याला सांभाळ तू." आणि आत निघून गेली. मी तिथेच उभी, हातात पिशवी.

आता ते. पिशवी ऑफिसात नेली, टेबलावर डबा काढला. उग्र वास! तुम्ही सार्वजनिक मुतारीत गेलायत ना, तसा, आणि त्यात ग्रीस, त्यात सिगरेट. मागची जाळी काढली तर पात्या दिसतच नव्हत्या. नुसता काळा-करडा गादीसारखा थर. राख, बिस्किटांचा चुरा, कुठल्यातरी गोड पेयाचा चिकट ओघळ, त्यात एक पतंग, पंख पसरून मेलेला, त्यात केस, आणि नखं. चंद्रकोरीसारखी. अंगठ्याचं एक जाडजूड पिवळं. मी चिमट्यानं एकेक उपटून कागदावर ठेवतेय आणि मनात म्हणतेय, शी मामा, शी, शी, शी, माणूस आहेस का कोण आहेस!

गारेगार आला. नाकाला रुमाल लावला, वाकून बघितलं, आणि खरं सांगते, त्याचा चेहरा उजळला. "अरे वा!" म्हणाला. वा! "फोटो काढ, जवळून काढ, ते नख आलं पाहिजे. वास फोटोत येत नाही हे वाईट." मग कमरेवर हात ठेवून म्हणतो, "बघितलंस? आपण सोन्यासारखी वस्तू बनवतो आणि लोक त्यात... जाऊ दे. बाटलीत करत असणार तो वर. बाटली आणि डबा शेजारीशेजारी. तुझे मामा ना? सॉरी हं." आणि हसला. दातांत पिवळा बलक.

त्याला एवढा आनंद का, तर बांधकामाच्या सेफ्टीवाल्याचं पत्र आलं होतं. अपघात होता होता टळला होता ना, म्हणून त्याला लेखी हवं होतं, डब्यात दोष होता की क्रेनवाल्यानं निष्काळजीपणा केला. डब्यात दोष निघाला तर मामा बरा होऊन परत वर जाणार. निष्काळजीपणा निघाला तर त्याचं क्रेनचं कार्ड कायमचं काढून घेणार, जो माणूस स्वतःचं औषध सांभाळत नाही त्याच्या हातात लोकांच्या डोक्यावरचा गर्डर कसा द्यायचा. बरोबरच आहे म्हणा. आणि टेस्टिंगची इंजिनीअरही मीच, म्हणजे रिपोर्टवर सही माझी.

आणि मी सही केली.

हो, केली. बघू नका असं. नखं समोर होती. शिवाय, हे मी तुम्हालाच सांगते, मला आतून बरं वाटलं. आठवडाभर माझ्या छातीवर धोंडा होता की माझ्या डब्यानं मामाला मारलं असतं, आणि आता हा घाणीचा गठ्ठा सांगत होता, तू नाहीस, तो. गारेगारनं वाक्य सांगितलं, "वापरणाऱ्याने उपकरण अत्यंत अस्वच्छ स्थितीत ठेवल्यामुळे," आणि मी टाइप केलं, "अत्यंत"सुद्धा केलं, आणि खाली सही.

वस्तादांनी डबा धुतला. ब्रश, साबण, गरम पाणी, तोंडानं पुटपुटत, पण एकदाही नाक मुरडलं नाही. कोरडा करून चालू केला. पंधरा मिनिटांत आत सहा अंश. गारेगार म्हणाला, "झालं ना सिद्ध? गारेगार!" आणि रिपोर्ट घेऊन गेला.

वस्ताद हात पुसत मला म्हणाले, "पोरी, तुझा मामा हा ठेवायचा कशात?"

"कशात म्हणजे?"

"ह्या कडेला बघ, नारिंगी धागे अडकलेत, जाळीच्या आत ओढले गेलेत. कापडात होता हा."

मी फोन लावला. मामा अंथरुणातूनच बोलला, आवाज खोल गेलेला. "अगं, तू म्हणालीस ना उन्हापासून जप. मी माझ्या जॅकेटात गुंडाळायचो. दोन वेढे. वर सीटखाली, सावलीला. गार वस्तू गुंडाळूनच ठेवतात ना?"

गुंडाळूनच ठेवतात. बर्फ गुंडाळतात, गार पाण्याची बाटली गुंडाळतात, जगात कुणीही हेच करेल, मीही हेच केलं असतं. मी कॉम्प्युटर उघडला, मॉडेलमध्ये डब्याभोवती कापडाचे दोन थर घातले, चालवलं. आत सहा अंश. कापड घातलं तरी सहा? पंधरा थर घातले. सहा. मग मी त्याला भिंतीत चिणला, अक्षरशः, चारही बाजूंनी विटा. तरी सहा! अठ्ठावीस वॅट जातायत कुठे मग? आणि मग ती ओळ दिसली. गरम बाजू, पस्तीस. तात्पुरतं, नंतर काढणे.

म्हणजे माझ्या मॉडेलमध्ये बाहेरची बाजू काहीही झालं तरी पस्तीसच राहणार, पात्या असोत नसोत, घाण असो नसो, उष्णता कुठल्यातरी अदृश्य खड्ड्यात पडून नाहीशी होणार. सहा महिने मी त्या खड्ड्याच्या काठावर बसून चकतीचे पाय घासत होते! मी ओळ काढली. गरम बाजूला मोकळं सोडलं, बाहेर पंचेचाळीसची केबिन, पात्या एकदम स्वच्छ, नखं नाहीत, पतंग नाही, फक्त जॅकेट. गरम बाजू गेली एकाहत्तरवर. आत अठ्ठावन्न. अठ्ठावन्न! नुसता खिशात ठेवला असता ना पेन, तरी पंचेचाळीस. आमचा डबा औषध शिजवत होता.

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. आणि या वेळी नखं आठवून नाही.

गारेगारकडे गेले, सगळं सांगितलं, एका दमात, आत्ता तुम्हाला सांगतेय तसंच. तो अंडं सोलत होता. थांबला पण नाही. म्हणाला, "मग?"

"मग म्हणजे? डब्यात दोष आहे! मॉडेलमध्ये आहे, माझ्यात आहे. रिपोर्ट परत घ्या."

"हे बघ, गुंडाळल्यावर तापतो हे वस्तादनं मला केव्हाच सांगितलंय. म्हणून तर डेमो पंधरा मिनिटांचा ठेवलाय. पंधरा मिनिटं पात्या तग धरतात." सरळ सांगितलं असं, टरफल नखानं उचकटत. "आता पत्रकात एक ओळ टाकू, 'हवेशीर जागी ठेवा.' बारीक अक्षरात. आणि सही कुणाची आहे रिपोर्टवर?"

त्यानं माझ्याकडे अंड्याचं बोट केलं.

"तुझी ना? उद्या सेफ्टीवाल्यासमोर बसायचंय आपल्याला. चारचौघांत मामाची बाजू घेणारी भाची, शोभेल का तुला? लोक काय म्हणतील?" आणि अंडं पुढे केलं. "खा."

मी वस्तादांवर चिडले, म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"पोरी, तुझ्या पडद्यावर सहा यायचे. मी म्हटलं, शिकलेल्या बाईला कळत असेल माझ्यापेक्षा जास्त." त्यांनी मान खाली घातली. त्यांचीही मला किळस आली, आणि लगेच माझी स्वतःची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी बांधकामावर पत्र्याचं एक ऑफिस, लांबट, आत टेबल, भिंतीवर हेल्मेटांची रांग, सगळीकडे सिमेंटची पूड. सेफ्टीवाला म्हणजे बारकासा माणूस, कानावर पेन्सिल, एक शब्द जास्त बोलत नाही. मामा आला, मामीचा हात धरून. आठ दिवसांत गालफडं बसलेली. मामी माझ्याकडे बघेना. सेफ्टीवाल्यानं फोटो टेबलावर मांडले. ते नख, एवढं मोठं, चकचकीत कागदावर. मामानं ते बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. बावीस वर्षं त्याच लोकांसमोर ताठ चालणारा माणूस, टेबलाखाली हाताची बोटं मिटून बसला.

गारेगार गोड आवाजात म्हणाला, "आम्हाला काकांबद्दल आदरच आहे. पण स्वच्छता..."

मामा मध्येच बोलला, "चूक माझीच आहे साहेब. वर आठ तास उतरता येत नाही, बाटलीतच करावं लागतं, ती एकदा सांडली. नखं मी गर्डरची वाट बघत बसलो की कापतो, सवय आहे, तिथेच खाली पडतात, आणि जॅकेट मी त्याच जमिनीवर पसरायचो. आणि जॅकेटात गुंडाळायला नको होता, मला कुठे कळतंय त्यातलं. पोरीनं चांगलीच वस्तू दिली होती. तिच्यावर काही येऊ नये एवढं बघा."

तिच्यावर काही येऊ नये म्हणे! माझ्या सहीचा कागद त्याच्यासमोर पडलाय, त्यात "अत्यंत अस्वच्छ" लिहिलंय, आणि हा माणूस मला वाचवतोय. मला एवढी शिसारी आली ना, माझ्या स्वच्छ धुतलेल्या हातांची, की मी उभीच राहिले.

म्हटलं, "डबा चालू करून बघू या. साहेबांच्या बॅगेतला. नवा कोरा."

गारेगार लगेच खूश. "हो हो, जरूर!" त्याला वाटलं, मी डेमो करतेय. सील फोडलं, वायर लावली. मी दोन थर्मामीटर काढले, एक डब्यात सरकवला, एक टेबलावर. दोन्हीवर तीस. मग मामाला म्हटलं, "मामा, तू गुंडाळायचास तसा गुंडाळ."

"अहो, हे काय..." गारेगार म्हणाला.

"गुंडाळू दे," सेफ्टीवाला म्हणाला.

मामानं पाठीवरचं नारिंगी जॅकेट काढलं. डबा मधोमध ठेवला, एक बाजू आणली, दुसरी आणली, बाह्या खालून घेऊन वर गाठ मारली, आणि कोपरा आत खोचला, हळूच, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा.

दहा मिनिटांत आतला आकडा एकवीस. गारेगारनं हात चोळले. पंधरा मिनिटं, एकोणीस. "बघा, गुंडाळूनसुद्धा गारेगार! चला, झालं ना?" आणि वायर काढायला हात पुढे.

"बसा," मी म्हटलं. मी माझ्या साहेबांना म्हटलं, बसा. माझा मलाच विश्वास बसेना.

विसाव्या मिनिटाला वीस. मग बावीस. पंचवीस. सेफ्टीवाल्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि पत्र्याच्या भिंतीवरच आकडे लिहायला लागला. तीस. टेबलावरच्या थर्मामीटरवरही तीस. "आता थांबेल," गारेगार म्हणाला. चौतीस. जॅकेटातून गरम प्लॅस्टिकचा वास यायला लागला. अडतीस. मामी खुर्चीतून उठली, जवळ आली, जॅकेटावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "बाई गं," म्हणाली, "इस्त्री आहे का काय ही!" एक्केचाळीसला गारेगार म्हणाला, हा पीस खराब निघाला. सेफ्टीवाल्यानं त्याच्या बॅगेकडे पेन्सिल केली. "दुसरा आहे ना आत? काढा. आपल्याला घाई नाही."

दुसरा काढला नाही त्यानं.

मग मी बोलले. पस्तीसची ओळ, तात्पुरतं, सगळं. म्हटलं, ही घाण नसती तरी हेच झालं असतं, घाणीचा यात काही संबंध नाही, रिपोर्ट खोटा आहे, सही माझी आहे, मी डब्याच्या आत बघायच्या ऐवजी नखांकडे बघितलं. सेफ्टीवाल्यानं विचारलं, "हे लेखी देणार?" मी तिथेच, सिमेंटच्या पुडीत, त्याच्याच पेन्सिलनं लिहून दिलं. त्यानं वाचलं, मामाकडे वळून म्हणाला, "डॉक्टरांचं फिट असल्याचं पत्र आणा. कार्ड तुमचंच आहे." एवढंच. आणि भिंतीवरचे आकडे पुसले नाहीत.

बाहेर आल्यावर गारेगारनं मला गाठलं. मला वाटलं आता शिव्या देणार, निदान तेवढं तरी माणसासारखं झालं असतं. तर हा डोळे बारीक करून म्हणतो, "एक्केचाळीस, तेही जॅकेटात. अगं, वायर उलटी जोडली तर जेवणाचा डबा गरम ठेवता येईल! ऑफिसला जाणाऱ्यांसाठी. मॉडेल तुझंच वापरू, फक्त रंग लाल कर." तोंडाला अंड्याचा वास. मी म्हटलं, "मी उद्यापासून येत नाही." तो म्हणाला, "विचार कर." मी चालायला लागले, मागून ओरडतोय, "गरमागरम नाव ठेवू!"

मामा वाळूच्या ढिगाजवळ बाकावर बसला होता, मामी रिक्षा बघायला गेलेली. मी शेजारी बसले. म्हटलं, "मामा, सॉरी."

तो क्रेनकडे बघत होता. वर दुसराच कुणीतरी होता, गर्डर हेलकावे खात होता, मामाचे हात आपोआप मांडीवर हलत होते, डावा पुढे, उजवा मागे. मग म्हणाला, "सही केलीस तेव्हा ती ओळ माहीत होती तुला?"

"नाही रे. शपथ."

"म्हणजे नखं बघूनच ठरवलंस."

हो म्हटलं.

"तुला शी वाटली माझी."

"हो."

त्यानं मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मलाही वाटते गं कधीकधी. पण त्या बाटलीसाठी बावीस वर्षांत कुणी वर काही सोय केली नाही, आणि फोटो मात्र एवढा मोठा काढला." मग रिक्षा आली, मामीनं हाक मारली, तो उठला. माझ्या खांद्यावर हात टेकवूनच उठला, पण तो तोल सांभाळायला होता की आणखी कशाला, ते मला कळलं नाही.

सोमवारी चढणार आहे तो. डॉक्टरांचं पत्र मिळालं. मामीचा निरोप आला, तिनं स्वतः फोन केला नाही, शेजारणीकडून पाठवला, की मामा सकाळी सातला वर जाणार आणि बघायचं असेल तर ये. मी जाणार. खाली उभी राहणार. तो वरून हात करेल का नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं. मी मात्र शिडीच्या पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत बघणार आहे, एकदाही नजर न वळवता.